मुंग्यांची रांग त्यांनी नाही, तुम्ही लावलीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला वाळवंटातल्या मुंग्यांवरचा लेख वाचला. कालच लिहायला बसणार होतो, पण म्हटलं डोकं जरा शांत होऊ दे, ते काही झालं नाही. कारण प्रकार घरातच घडला. नातू चौथीला आहे, त्याला शाळेत प्राण्यांमधल्या सहकार्यावर प्रोजेक्ट दिलाय, त्याने तुमचा लेख फोटोसकट कापून चार्टपेपरवर चिकटवला आणि खाली स्केचपेनने लिहिलं, 'वाळवंटातील मुंग्या शिस्तीने एका रांगेत चालतात.' मी म्हटलं अरे हे चूक आहे, मी स्वतः बघितल्यात त्या. तर म्हणतो, "आजोबा, पेपरात छापलंय." आता यावर मी काय बोलू? व्हॉट्सॅपवर येईल ते खरं मानू नका, पेपर वाचा, असं घरात सगळ्यांना मीच सांगत असतो.

मी उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात तीन वर्षं होतो. स्फाक्स शहराच्या दक्षिणेला, फॉस्फोरिक अ‍ॅसिडच्या कारखान्यात मेंटेनन्सला. आपल्याकडे खतासाठी ते अ‍ॅसिड तिथून येतं म्हणून इकडचे बरेच जण तिथे कामाला होते. त्याच किनाऱ्यावर महारेस नावाचं गाव आहे, झुरिक विद्यापीठाचे रुडिगर वेनर तिथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं जाऊन याच मुंग्यांचा अभ्यास करत होते. तुमच्या लेखात ना ट्युनिशियाचं नाव ना वेनर यांचं. आणि फोटो कुठला, तर हिरवी पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांचा! त्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातल्या आहेत हो. तो फोटो लावताना कुणालाच प्रश्न पडला नाही का, की वाळवंटात एवढी पानं कुठून आली?

रांगेचं सांगतो. आपल्या ओट्यावरच्या मुंग्या रांगेत जातात कारण पुढची वासाची रेघ सोडते आणि मागच्या ती पकडून येतात. तिथे भर दुपारी जमीन एवढी तापते की असली रेघ टिकत नाही, आणि टिकली तरी उपयोग काय, कारण यांचं खाणं म्हणजे उन्हाने मेलेले किडे, आज इथे एक तर उद्या तिथे एक. म्हणून प्रत्येक मुंगी एकटी बाहेर पडते, एकटीच शोधते आणि एकटीच घरी येते. जाताना शंभर वळणं घेईल, पण किडा सापडला की सरळ रेषेत बिळाकडे. मी पारले-जीचा चुरा टाकून कितीतरी वेळा बघितलंय. काळी, लांब पायांची, पोट वर उचलून अशी पळते की नजर हटली की गेली.

लेखात याला 'निसर्गाचे जीपीएस' म्हटलंय. जीपीएसला वरून सॅटेलाइट सांगतो, हिला कोण सांगतं? दिशा ती आकाशातल्या प्रकाशावरून धरते आणि अंतर पावलांवरून. २००६ साली विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी काय केलं, मुंगी बिळापासून दहा मीटरवर खाण्यापाशी आली की तिच्या पायांना डुकराचे केस चिकटवून पाय लांब केले. आता पावलं तेवढीच पण टांगा मोठ्या, त्यामुळे ती परतताना दहाच्या जागी पंधरा मीटरच्या आसपास जाऊन बीळ शोधायला लागली. ज्यांचे पाय आखूड केले त्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. हे छापलं असतं तर नातवाने तोंडात बोट घातलं असतं.

'उपजत ज्ञान' हा शब्द तर तुम्ही लेखात तीनदा वापरलाय. काही गोष्टी उपजत असतील, पण घर ओळखायला ती शिकते. सुरुवातीचे आठवडे बिळाच्या आत असते, मग बाहेर येते तेव्हा लगेच लांब जातच नाही. दोन-तीन दिवस बिळाभोवती छोट्या छोट्या फेऱ्या मारते, मधेच एक छोटा गोल घेते, परत पुढे. सकाळी साइटवर जाताना हे बघायचो तेव्हा वाटायचं हिला काहीतरी लागलंय, तडफडतेय. नंतर वाचलं की ही तिची शाळा.

आता खरं जे लिहायचं होतं ते. तिथे मिठाची सपाट मैदानं असतात, त्यांना सेब्खा म्हणतात. उन्हाळ्यात पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज, आणि चहूकडे क्षितिजापर्यंत एक झुडूप नाही. एका रविवारी आम्ही पिकअप घेऊन गेलो होतो, वळवताना मागचं चाक एका बिळावरच्या ढिगाऱ्यावरून गेलं. वीतभर उंच असेल, सपाट झाला. मी म्हटलं मातीच आहे, बीळ तर उघडंच आहे, काय बिघडलं. थोड्या वेळाने एक मुंगी तोंडात मेलेली माशी घेऊन आली, दोरी ओढल्यासारखी सरळ आली आणि बिळापासून हातभर अंतरावरून पुढे निघून गेली. परत आली, परत चुकली. गोल गोल फिरत राहिली, माशी काही सोडली नाही. आम्ही निघालो तेव्हाही ती फिरतच होती. पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्याच जागी गेलो, तर ढिगारा परत उभा.

त्याचा अर्थ मला कळला २०२३ मध्ये. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी ट्युनिशियातच असे ढिगारे काढून बघितले, तर घर न सापडणाऱ्या मुंग्या वाढल्या, आणि आतल्या मुंग्यांनी लगेच नवा ढिगारा रचायला घेतला. पण ढिगारा काढून बिळाजवळ काळे नळकांडे उभे केले तर रचायच्या भानगडीत पडल्या नाहीत, कारण खूण मिळाली होती. बाहेर जाणाऱ्या वेगळ्या आणि रचणाऱ्या वेगळ्या, वयाने लहान, ज्या अजून लांब गेल्याच नाहीत. सहकार्य शोधत होतात ना, ते हे आहे. घरातल्या धाकट्यांनी बाहेर गेलेलीसाठी खूण उभी करायची. तुम्ही मात्र रांग छापलीत. आणि मला अजून ती माशीवाली आठवते.

लेखातलं 'निःस्वार्थ मदत' हेही अर्धवट. फ्रान्समधल्या याच कुळातल्या मुंग्यांवर २००९ मध्ये प्रयोग झाला, एकीला नायलॉनच्या धाग्याने बांधून वाळूत अर्धवट पुरलं, तर सोबतिणींनी वाळू उकरली, पाय धरून ओढलं आणि शेवटी नेमका तो धागाच चावायला घेतला. त्यांना कोणी धागा दाखवला नव्हता! पण दुसऱ्या वारुळातली असेल तर नाही, आणि बेशुद्ध पडलेली असेल तर आपलीसुद्धा नाही. हे जसं आहे तसं छापा ना. मुलांना गोड करून सांगायची गरज नाही, त्यांना खरं जास्त आवडतं.

अजून एक, निघालंच आहे म्हणून. विज्ञानाचं पान पूर्वी पूर्ण असायचं, आता राशीभविष्याच्या बाजूला अर्धं, त्यात हिरव्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही मला भिंग घ्यावं लागलं. राशीभविष्य मात्र मोठ्या टायपात.

माझं मागणं एवढंच की दुरुस्ती छापा, त्याच पानावर आणि त्याच आकारात, कोपऱ्यात दोन ओळींत नको. फोटो बदलून द्या. प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचाय, गुरुवारच्या अंकात आली तर कापून चार्टवर तुमच्या लेखाच्या शेजारी चिकटवता येईल. नातवाला तसं सांगून ठेवलंय, तो वाट बघतोय.

कळावे,
एक जुना वाचक, अलिबाग