नाताळच्या लायटिंगशिवायचे दिवस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की तुमच्या पेपरात चर्चच्या लायटिंगचा फोटो येतो, खाली दोन ओळी की ख्रिस्ती बांधवांनी सण उत्साहात साजरा केला. आमची आई तो फोटो कापून बायबलमध्ये ठेवायची, म्हणजे आनंद होतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो आणि बाकीच्या दिवसांत आम्ही कामावर आमची श्रद्धा कुठे वापरतो हे पण कधी छापून यावं असं फार दिवसांपासून मनात आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक सांगून टाकतो कारण स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच. मी वर्गात धर्म सांगत नाही. पोरांचे मार्क माझ्या हातात असतात, ते मला नाही म्हणू शकत नाहीत, तिथं उभं राहून प्रचार करणं मला पटतच नाही आणि पोरं एसटीनं धक्के खात येतात ती भूगोल शिकायला. मला श्रद्धा लागते ती सही करताना.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय जास्त कडक होणार. लहानपणापासून ऐकलेलं, पण नोकरीत आल्यावर टोचलं. आठ वर्षं मी सीएचबीवर होतो, म्हणजे तासाप्रमाणे पैसे आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यात एका वर्षी तपासणीला समिती येणार होती तर हजेरीपट एका दुपारी बसून भरून काढायला सांगितलं, पेन बदलून बदलून, रोज भरल्यासारखं दिसावं म्हणून. मी भरले. पुढच्या वर्षी ऑर्डर मिळणार नाही ही धास्ती होती, घरी बाळ लहान होतं. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, मी जागेवरून उठलोच नाही, बायकोला तब्येत बरी नाही सांगितलं. ते अजून मनातून गेलं नाही.

आमच्या यवतमाळात चर्चचे पाळक म्हणजे धर्मगुरू घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, तिथं शिकलेल्या पाळकांचे उपदेश ऐकतच आम्ही मोठे झालो. पण चर्चमध्ये प्रार्थना होते पाळकांसाठी, डॉक्टर-नर्ससाठी, आजाऱ्यांसाठी, सोमवारी हजेरीपट घेऊन वर्गात जाणाऱ्या माणसासाठी एकदाही ऐकली नाही.

मला या बाबतीत स्टीफन हिस्लॉप साहेब आठवतात. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत, १८८३ चं आहे, पण ज्यांचं नाव आहे ते फारसे कोणाला माहीत नाहीत. स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून निघून १८४५ मध्ये नागपुरात आले आणि नागपूरच्या आजूबाजूचे दगड, जीवाश्म गोळा करत फिरले, गोंडांची बोली आणि गाणी लिहून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परत येताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. प्रार्थना करणारा माणूस दगड पण तेवढ्याच मन लावून पाहू शकतो, हे मी पोरांना खडक शिकवताना सांगतो, धर्माचं नाव न काढता.

मागच्या सेमिस्टरला अंतर्गत गुण भरायच्या वेळी निरोप आला की सरसकट सगळ्यांना वीसपैकी अठरा टाका. मी आता पर्मनंट आहे, मला नाही म्हणता येतं, मी नाही म्हटलं. वाद झाला, पोरं पण चिडली. एक मुलगी चाचणीला आलीच नव्हती, विचारलं तर म्हणाली, "सर, माय वावरात एकलीच आहे, वेचणी सोडून कशी येऊ?" मी शनिवारी पाचनंतर तिची परत चाचणी घेतली. बोटं बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली, समोच्च रेषा काढताना पेन्सिल नीट धरता येत नव्हती, नकाशाच्या कोपऱ्याला रक्ताचा बारीक डाग पडला तर खोडरबरानं घासत बसली. तिला बारा पडले. अठरा टाकले असते तर तिचा नकाशा कोणी पाहिलाच नसता.

आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पैशाच्या गोष्टीवरून. मोशेच्या नियमशास्त्रात आहे की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. आमच्याकडे माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या सीएचबी सरांचं मानधन चार-चार महिने येत नाही, माझा पगार मात्र खात्यात पडतो, डबा आम्ही एकाच टेबलावर उघडतो. तेव्हा घास गिळवत नाही हो. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी विभागातल्या सीएचबीवाल्यांची बिलं मीच बसून भरतो, तास मोजून, सह्या घेऊन, ऑफिसात नेऊन देतो आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलत नाही. पुढे बिल अडकतं ते अडकतंच, पण निदान माझ्या टेबलावर एक रात्र राहत नाही.

तर साहेब, या नाताळला लायटिंगचा फोटो जरूर छापा. सोबत तुमच्या वार्ताहराला एखाद्या सीएचबी सरांच्या घरी पण पाठवा, ज्यांची दिवाळी उधारीवर गेली, ख्रिस्ती असोत नसोत. घर मी दाखवतो, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं आहे.

आपला,
एक प्राध्यापक वाचक, जि. यवतमाळ