आमच्या देवालयाला दोन कुलपं आहेत : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरची. आयुष्यभर परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मागच्या महिन्यात माझी आई वारली. ज्या देवालयात तिचा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, जिथे दर रविवारी तिने लहान मुलांची शब्बाथ शाळा घेतली, तिथे आम्ही तिची पेटी नेली तेव्हा फाटकाला दोन कुलपं होती. खरे विश्वस्त आम्हीच, असं म्हणणाऱ्या दोन कमिट्या आहेत. एक कुलूप या कमिटीचं, एक त्या कमिटीचं. आपलं कुलूप आधी काढलं तर ताबा सोडल्यासारखं होईल, असं दोन्हीकडच्या वकिलांनी बजावून ठेवलं होतं म्हणे. बंदोबस्ताच्या हवालदाराने हात जोडले. "ताई, मॅटर कोर्टात आहे, माझ्या हातात काही नाही." उन्हात पेटी खाली ठेवायला जागा नव्हती. शेवटी समोरच्या तालमीतली पोरं धावली. गणपतीच्या मांडवाचे बांबू काढले, ताडपत्री बांधली, खुर्च्या मांडल्या, एका बाजूची वाहतूक वळवली. माझ्या आईची अंत्यविधीची उपासना रस्त्यावर झाली. त्या पोरांत एकही ख्रिस्ती नव्हता. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि आमच्या दोन्ही कमिट्यांना मी माफ केलेलं नाही. शुभवर्तमान काय सांगतं ते मला ठाऊक आहे. तरी जमत नाही.

कुठलं देवालय, कुठला गट, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की उद्या मला एका बाजूची ठरवतील आणि माझं दुःखसुद्धा कुणाच्या तरी अर्जाला पुरावा म्हणून जोडतील. मला दोघांकडूनही उभं राहायचं नाही.

गेल्या निवडणुकीत आमच्या वस्तीत मतं मागायला आलेल्या एका लोकप्रतिनिधीने भर सभेत शब्द दिला होता. "तुमच्या देवालयाचा प्रश्न तीन महिन्यांत निकाली काढतो, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचं मी बघतो." आई त्या सभेला काठी टेकत गेली होती. घरी येऊन म्हणाली, "आता माझा शेवट तरी नीट होईल." झाला का नीट? ते गृहस्थ निवडून आले. नंतर एकदाही फिरकले नाहीत. का फिरकतील? 2011 च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती एक टक्कासुद्धा नाहीत. ज्यांच्या मतांनी कुठलीच जागा पडत नाही, त्यांच्या मयताला कोण विचारतो!

आता तुम्ही म्हणाल, हा ख्रिस्ती लोकांचा अंतर्गत मामला आहे. हेच वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकलंय की आता त्याचा संताप येतो. संविधानाचं कलम 26 मी वाचलंय. धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण करायचा हक्क त्यात आहे, हे खरं. पण त्याच कलमात मिळकतीचा कारभार कायद्यानुसार करायचा, असंही लिहिलंय. प्रभुभोजन कसं द्यावं, बिशप कुणाला म्हणावं, पाळकाने झगा घालावा की नाही, यात सरकारने पडू नये. पण फाटक, भिंत, हॉल, दफनभूमी, रस्त्याकडेचे गाळे हे सगळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950 च्या कायद्याखाली येतं. त्या कायद्यात देवळं, मठ, अग्यारी यांच्या बरोबरीने चर्च हा शब्दही आहे. आम्ही कायद्याच्या आत आहोत. मग आत असल्यासारखं वागवा.

भांडण कुठून सुरू झालं तेही सांगते, कारण मंत्रालयातल्या फायलीत ते असेल असं मला वाटत नाही. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचं काम 1852 मध्ये रेव्हरंड वाइल्डर यांनी सुरू केलं. शाळा आल्या, दवाखाने आले. राजर्षी शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला हात दिला, त्यात ख्रिस्ती मुलांचंही होतं. हे शहर आम्हाला परकं कधीच नव्हतं. मग 1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोन पंथांच्या मंडळ्या, म्हणजे देवालयांचे सभासद-समूह, एकत्र आल्या. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. भक्तांच्या मनाला बरं वाटलं. येशूने एक व्हा सांगितलं, आपण एक झालो. पण मिशनरी निघून गेले, जमिनी इथेच राहिल्या. त्या जमिनी कुणाच्या नावावर, कुठल्या ट्रस्टच्या, कुठल्या कंपनीच्या, स्थानिक मंडळीच्या की वरच्या सिनडच्या, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च सभेच्या, हे जिथे तेव्हाच नीट लिहून ठेवलं नाही तिथे आग धुमसत राहिली. नुसत्या उत्तर भारतातल्या नव्हे, देशभरातल्या मंडळ्यांत हेच चाललंय.

बरं, कोर्टाने काही सांगितलंच नाही असंही नाही. याच एकीकरणावरून गुजरातेतल्या ब्रेदरन पंथाच्या मंडळ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2005 मध्ये न्यायालय म्हणालं, विश्वस्त कायद्याखालचे प्रश्न धर्मादाय अधिकाऱ्यांनीच सोडवायचे, दिवाणी कोर्टात यायचं नाही. 2013 मध्ये म्हणालं, एकीकरणाचा ठराव झाला एवढ्यावर ट्रस्टची मिळकत आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही, कायद्यातली पद्धत पाळावी लागते. म्हणजे दार कुठलं ठोठवायचं ते ठरलं आणि कुठल्या नियमाने निवाडा करायचा तेही बऱ्यापैकी ठरलं. मग आमचा निवाडा का होत नाही? कारण जिथे जायला सांगितलं, तिथे कुणाला घाई नाही.

कायदा म्हणतो, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. आमच्याकडे एका निवडणुकीचे दोन रिपोर्ट गेले. दोन्ही बाजूंना वेगळी निवडणूक, वेगळी मतदारयादी, वेगळे पाळक. एकाने दुसऱ्याच्या रिपोर्टवर आक्षेप घेतला, दुसऱ्याने पहिल्याच्या. त्यावर निकाल होण्याआधी पुढची मुदत संपली, पुन्हा निवडणूक, पुन्हा दोन रिपोर्ट. जुन्याचा निकाल लागल्याशिवाय नव्याचं चालवता येत नाही, असं सांगतात. अधिकारी बदलतो, नव्याने ऐकायचं. वकील आजारी, तारीख. फाईल वर अपिलात गेलेली, तारीख. दरम्यान जुन्या विश्वस्तांतले निम्मे देवाघरी गेले आणि कागदावर मात्र अजून तेच ट्रस्टी आहेत. मेलेल्या माणसांच्या नावावर आमचं देवालय चाललंय!

आणि हे सगळं कोणाच्या पैशावर? रविवारी आम्ही पेटीत टाकतो त्या दानावर. पेन्शनरांचं, धुणीभांडी करणाऱ्या बायांचं, हंगामाच्या सणाला आणलेल्या भोपळ्यांच्या लिलावाचं. दोन्ही गटांचा वकिलांवरचा खर्च लाखांत गेलाय असं सगळे बोलतात. नक्की आकडा कुणी सांगत नाही, कारण हिशोब मंडळीपुढे ठेवलाच जात नाही. छताची कौलं मात्र फुटलेली आहेत. पावसाळ्यात बाकांवर पाणी ठिबकायचं तेव्हा आई घरून बादल्या न्यायची.

जमिनीचं तर बोलायलाच नको. शहराच्या मध्यावरची जागा. विश्वस्त कायद्याचं कलम 36 सांगतं की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही. तीन वर्षांहून जास्त मुदतीने बिगरशेती जागा भाड्याने देण्यालाही परवानगी लागते. चांगलं कलम आहे. पण 2017 च्या दुरुस्तीने अपवाद म्हणून का होईना, व्यवहार झाल्यावर मागाहून मंजुरीची वाट ठेवली. ज्यांचे डोळे जमिनीवर आहेत त्यांना अपवाद तेवढा बरोबर सापडतो. भांडण संपू नये यातच काहींचा फायदा आहे, हे मी स्पष्ट लिहिते. गाळ्यांचं भाडं कुणीतरी घेतंय. हॉल लग्नाला दिला जातो, पावती कधी असते कधी नसते. हे धर्माचं भांडण नाही. सिनड, बिशप, कौन्सिल, ट्रस्ट ही वरची नावं झाली, खाली चाललंय ते चौरस फुटांचं भांडण आहे.

मला जे म्हणायचंय ते असं. या सगळ्या खटल्यांत दोन पक्ष आहेत आणि दोघेही "मंडळी आमच्या बाजूने आहे" असं शपथेवर सांगतात. मंडळीला कुणी विचारलं? बाकावर बसणारी माणसं कुठल्याच फायलीत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने आम्ही या ट्रस्टचे लाभार्थी, पण ट्रस्टची जागा बंद करायची की उघडी ठेवायची, विकायची की राखायची, यावर आम्हाला साधी नोटीस येत नाही. आम्ही स्वतःहून पक्षकार व्हावं तर वकील करा, फी भरा, तारखांना रजा टाका. आणि जो अर्ज करेल तो लगेच कुठल्या तरी गटाचा.

पाळकांचा प्रश्न यातूनच आला. माझ्या भाचीचं लग्न लागलं. नंतर परदेशी जायच्या कागदांत तिचं प्रमाणपत्र अडलं, कारण दुसऱ्या गटाने पत्र पाठवलं की सही करणारे पाळक अधिकृत नाहीत. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचा परवाना राज्य सरकार देतं. म्हणजे कोण अधिकृत, हे तुमच्या दप्तरात असायला हवं! ती पोर रडत बसली, नवरा तिकडे, ही इकडे. तिचा यात काय गुन्हा होता?

आणि दफनभूमी. वडिलांच्या कबरीशेजारी आईची जागा घेतलेली होती, पैसे भरून, पावतीसह. कबर खणायला परवानगीची चिठ्ठी लागते. एका कमिटीची चिठ्ठी नेली तर राखणदार म्हणाला, त्यांचीही आणा. मयत घरात ठेवून माझा भाऊ दोन घरांच्या पायऱ्या चढत होता. एका घरी त्याला विचारलं, "आई मागच्या निवडणुकीत कुणाच्या यादीत होती?" महोदय, हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते आहे. माणूस मेल्यावर विचारायचा हा प्रश्न आहे का?

केरळात ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट या दोन ख्रिस्ती गटांचं भांडण आमच्याहून कितीतरी जुनं आणि कितीतरी मोठं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चर्चची स्वतःची 1934 ची घटना, म्हणजे नियमावली, त्यांच्या सगळ्या चर्चांना लागू असल्याचं सांगितलं, तरी पुढे मयतं अडवली गेली. 2019 मध्ये एका वृद्ध बाईचं शव महिन्याहून जास्त काळ दफनाविना राहिलं. पण तिथल्या सरकारने निदान एवढं केलं की 2020 मध्ये कायदा आणला. गट कुठलाही असो, घराण्याच्या दफनभूमीत पुरण्याचा हक्क कुणी नाकारायचा नाही. महाराष्ट्राला एवढं का जमू नये? शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय तुमचं एक भाषण सुरू होत नाही.

कोल्हापूरकरांनी खंडपीठासाठी चाळीस वर्षांहून जास्त लढा दिला. 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंचचं काम सुरू झालं तेव्हा आम्हीही रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवल्या. मुंबईच्या खेपा वाचल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण अपील करायला आधी खाली निकाल लागावा लागतो! खालीच फाईल बसून राहिली तर दारात आलेल्या हायकोर्टाचा आम्हाला काय उपयोग? देशात पाच कोटींहून जास्त खटले तुंबलेत, त्यात तुमचा एक, असं मला एका शिकलेल्या माणसाने ऐकवलं. असतील. रुग्ण खूप आहेत म्हणून वॉर्डातल्या एकाला मरू द्यायचं, असं मी नोकरीत कधी केलं नाही. केलं असतं तर निलंबित झाले असते. न्याय लांबवला म्हणून या राज्यात कोण निलंबित झालंय, मला एक नाव दाखवा.

मोर्चे काढायला आमच्याकडे माणसं नाहीत. तेव्हा मागते ते ऐका. धार्मिक जागेच्या विश्वस्तांचा वाद सुरू झाला की तो मिटेपर्यंत उपासना, लग्न आणि दफन यांसाठी जागा उघडी राहील, किल्ली तटस्थ अधिकाऱ्याकडे राहील, असा आदेश पहिल्याच तारखेला निघावा. विश्वस्त कायद्याच्या कलम 41अ खाली निर्देश द्यायचे अधिकार धर्मादाय आयुक्तांना आजही आहेत, ते वापरायला नवा कायदा लागत नाही. वादातल्या ट्रस्टची जमीन विकायचा अर्ज आला तर त्याची नोटीस देवालयाच्या दारावर मराठीत लावावी. आणि दफनाच्या हक्काचा केरळसारखा कायदा येत्या अधिवेशनात मांडावा. सगळ्या धर्मांसाठी मांडा, आमच्यापुरता नको. उद्या दुसऱ्या कुणाच्या स्मशानातही हेच होईल.

आईची चाळिसाव्याची उपासना जवळ आली आहे. ती रस्त्यावर घ्यायची की आत, हे अजून कुणी सांगत नाही. दोन्ही कमिट्यांना आणि धर्मादाय कार्यालयाला मी लेखी अर्ज दिलेत, पोच घेतली आहे. या पत्राला आपल्या खात्याकडून "योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित" असं छापील उत्तर नको. ते मला आधीच मिळालंय. कुलूप कोण काढणार आणि कोणत्या तारखेला, एवढं लेखी कळवावं.

कळावे,

मंडळीतली एक सभासद,
कोल्हापूर