आवाज नावानिशी परत आणून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या आणि दरवर्षी भुलाबाई बसवणाऱ्या सगळ्या आयाबहिणींच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. मंडळाचा इतक्या वर्षांचा ठेवा ज्या एका जुन्या आयपॉडमध्ये, म्हणजे ॲपल कंपनीच्या गाणी वाजवणाऱ्या छोट्या यंत्रात, अडकून पडला होता, तो तुम्ही नव्या लॅपटॉपवर सुखरूप आणून दिलात. आणि नुसते आवाज नव्हे, तर प्रत्येक आवाजाचे नाव, साल आणि गाण्यांचा क्रमसुद्धा जसाच्या तसा आणलात. तुमचे आभार समोरासमोर मानले होतेच, परंतु तालुक्याच्या ठिकाणी एमएस-सीआयटीचे वर्ग सांभाळून तुम्ही जे काम केलेत ते किती विचारपूर्वक होते, हे इतरांनाही कळावे असे मंडळातील सर्वांना वाटले. शिवाय यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या अनेक घरांत असे जुने प्लेअर आजही कपाटात पडून असतील आणि त्यांच्या मालकांना तुमची रीत उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र जाहीर करण्याची परवानगी मी तुमच्याकडून मागून घेतली.

त्या आयपॉडमध्ये काय होते ते आधी सांगायला हवे. माझे थोरले बंधू मंडळात पेटी वाजवत. कॅसेटचा टेपरेकॉर्डर हाती आल्यावर त्यांनी गावातले गाणे टिपून ठेवण्याचा ध्यास घेतला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही. खंजिरीच्या ठेक्यावरची भजने, काकड आरती, गोंधळ, पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, जात्यावरच्या ओव्या, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर गायिली जाणारी भुलाबाईची गाणी असा तो संग्रह होता. त्यातली भुलाबाईची गाणी मला सर्वांत मोलाची वाटतात. ती म्हणणाऱ्या बहुतेक आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यांनी ती गाणी माहेराहून आणली होती, आणि एकाच गाण्याच्या ओळी राळेगावकडच्या माहेरवाशिणीच्या तोंडी वेगळ्या तर कारंज्याकडच्या बाईच्या तोंडी वेगळ्या असत. म्हणून बंधू प्रत्येक गाण्यासोबत गाणारीचे नाव, तिच्या माहेरचे गाव आणि साल कॅसेटच्या खोक्यातील चिठ्ठीवर लिहून ठेवत.

पुढे पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने २००९ साली निघालेला १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आणून दिला आणि दिवाळीच्या सुट्यांत टेपरेकॉर्डर तारेने संगणकाला जोडून एकेक कॅसेट त्यात उतरवली. त्यानेच चिठ्ठ्यांवरचा मजकूर आयट्यून्समध्ये, म्हणजे संगणकावरून आयपॉडमध्ये गाणी भरण्याच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरला. गाण्याच्या नावाच्या रकान्यात गाण्याची पहिली ओळ, कलाकाराच्या रकान्यात गाणारीचे नाव, अल्बमच्या रकान्यात माहेरचे गाव आणि वर्षाच्या रकान्यात साल, असे सारे त्याने रोमन अक्षरांत टंकले. नंतरच्या काळात कॅसेटच्या फितींना बुरशी लागली, चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या, आणि मृगाच्या एका पावसात जवळच वीज पडून घरचा संगणक त्याच्या हार्ड डिस्कसह कायमचा गेला. तेव्हापासून ही गाणी जगात फक्त त्या एका आयपॉडवर उरली होती.

नवा लॅपटॉप घेऊन त्यावर आयट्यून्स बसवले आणि आयपॉड जोडला, तेव्हा पडद्यावर सूचना आली की हा आयपॉड दुसऱ्या संगणकावरील आयट्यून्सच्या संग्रहाशी जुळवलेला आहे, तो पुसून या संग्रहाशी जुळवायचा आहे काय. नवा संग्रह अर्थातच रिकामा होता, म्हणजे होकार दिला असता तर आयपॉडही रिकामा झाला असता. एका दुकानात विचारले, तर ‘पुसल्याशिवाय हा चालणारच नाही, गाणी नव्याने भरून घ्या’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर तुम्हाला फोन लावला. तुमचे पहिलेच वाक्य मला अजून आठवते : ‘काका, कॅन्सल दाबा अन् मी येतपर्यंत त्याला हातच नका लावू.’ ताई, त्या एका वाक्याने आमचा संग्रह वाचला असे मी मानतो.

तुम्ही आलात तेव्हा कामाला लागण्याआधी असे का होते ते तुम्ही सगळ्यांना समजावून सांगितलेत. २००१ साली पहिला आयपॉड आला तेव्हापासून त्याची घडणच अशी आहे की गाणी संगणकाकडून आयपॉडकडे जातात, आयपॉडकडून संगणकाकडे सहजी येत नाहीत, आणि आपोआप जुळणारा आयपॉड एका वेळी एकाच संग्रहाशी जुळतो. एकाने घेतलेले संगीत या यंत्रावरून दहा संगणकांवर पसरू नये, ही चिंता त्यामागे होती. २००६ साली आयट्यून्सच्या सातव्या आवृत्तीत आयपॉडवरची गाणी संगणकावर परत नेण्याची सोय आली, पण ती फक्त आयट्यून्सच्या दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांसाठी. भारतात ते दुकान २०१२ च्या डिसेंबरात उघडले. आमच्या आज्यांची गाणी मात्र कोणत्याच दुकानात कधी विकली गेली नव्हती, त्यामुळे ती सोय आमच्या उपयोगाची नव्हती. हे ऐकल्यावर मंडळातील म्हाताऱ्या माणसांच्या मनातली भीती बरीच कमी झाली, कारण यंत्र बिघडलेले नसून ते ठरवून दिलेल्या रीतीनेच वागत आहे, हे त्यांना उमगले.

यानंतर तुम्ही जे केलेत ते मी वहीत क्रमाने उतरवून घेतले आहे. सर्वांत आधी आयट्यून्सच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणतेही उपकरण आपोआप जुळू नये अशी खूण केलीत. नंतर आयपॉडची मेनूची आणि मधली अशी दोन बटणे दाबून धरून तो पुन्हा सुरू केलात, आणि सफरचंदाचे चिन्ह दिसताच मधले व प्ले-पॉजचे बटण धरून त्याला डिस्क मोडमध्ये आणलेत, म्हणजे तो निव्वळ हार्ड डिस्कसारखा वागू लागला. लॅपटॉपला जोडताना शिफ्ट आणि कंट्रोल या दोन्ही कळा दाबून ठेवल्यात, जेणेकरून आयट्यून्सने त्याच्याशी जुळवाजुळव सुरूच करू नये. आयपॉडची ड्राइव्ह उघडली तेव्हा ती रिकामी दिसली आणि आमच्यापैकी एकदोघांचे डोळे भरून आले; परंतु विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण करताच ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर पुढे आला. त्याच्या आत म्युझिक, आणि म्युझिकच्या आत एफ००, एफ०१ असे ओळीने फोल्डर होते. सगळी गाणी तिथेच होती, मात्र प्रत्येक फाइलचे नाव चार इंग्रजी अक्षरांचे आणि अर्थहीन होते. पोथीची सगळी पाने हाती लागावीत पण एकावरही पृष्ठांक नसावा, तसे ते दृश्य होते.

तुम्ही तिथे काहीही उघडून पाहिले नाहीत, याचे मला विशेष वाटते. त्या आयपॉडमध्ये १.८ इंचाची फिरती हार्ड डिस्क आहे, हे मॉडेल २०१४ सालीच बंद झाले आणि २०२२ मध्ये तर आयपॉडचे उत्पादनच संपले. तेव्हा ही डिस्क आता जितकी कमी फिरेल तितके बरे, असे तुम्ही म्हणालात. म्हणून अख्खा फोल्डर, त्यातल्या यादीच्या फाइलसह, एकदाच उचलून लॅपटॉपवर घेतलात आणि लगेच त्याची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर केलीत. त्या वेळी कापूस वेचणीचे दिवस होते, संध्याकाळी थ्री फेज आली की गावात मोटारी सुरू होतात आणि व्होल्टेज पडते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घेतलीत आणि तो मध्येच झोपी जाऊ नये अशी व्यवस्थाही केलीत. मध्ये लाइन गेलीच, पण नक्कल थांबली नाही. त्यानंतर आयपॉड रीतसर इजेक्ट करून तो डब्यात ठेवलात आणि पुढचे सर्व काम फक्त प्रतीवर केलेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरे म्हणजे लिहिले आहे, तिच्याकडे येतो. प्रती लॅपटॉपवर आल्या तेव्हा मंडळाच्या दृष्टीने काम झाले होते, आणि तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तरी आम्ही कृतज्ञच राहिलो असतो. फाइली आयट्यून्समध्ये टाकल्यावर भजनांची नावे बरोबर दिसू लागली, कारण ती एमपी३ स्वरूपात होती आणि एमपी३ फाइलच्या पोटातच नाव, कलाकार, वर्ष असे सारे लिहिलेले असते. भुलाबाईची गाणी आणि ओव्या मात्र नुसत्या चार अक्षरी नावांनी आल्या. पुतण्याने ही ध्वनिमुद्रणे आवाजाचा दर्जा घसरू नये म्हणून वेव्ह स्वरूपात ठेवली होती. त्यात एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते, आणि आयट्यून्स वेव्ह फाइलच्या आत नावे लिहीत नाही. ती फक्त स्वतःच्या यादीत ठेवते. जुन्या संगणकावरची यादी वीज पडली त्या दिवशीच गेली होती. आमच्याकडे आवाज होते, पण कोणता आवाज कोणाचा, हे सांगणारी आजी आता बहुतेक गाण्यांसाठी उरली नव्हती.

तुम्ही म्हणालात की तीच यादी आयपॉडच्या आत त्याच्या स्वतःच्या डेटाबेसच्या फाइलमध्ये असणार, कारण तसे नसते तर आयपॉडच्या पडद्यावर नावे दिसलीच नसती. आयपॉडची ती यादी वाचू शकणारे सॉफ्टवेअर शोधून तुम्ही प्रतीवर चालवून पाहिलेत, आणि चार अक्षरांच्या प्रत्येक नावासमोर गाण्याची ओळ, गाणारीचे नाव, माहेर आणि साल उभे राहिले. माझ्या आईचे नाव मी त्या यादीत वाचले, माहेरच्या गावासह. ताई, आईचा आवाज मी ओळखलाच असता; पण तिच्या शेजारी बसून झेलणाऱ्या दोघींची नावे मला कधीच आठवली नसती, आणि त्या दोघींची नातवंडे आज गावात आहेत.

मिळालेली नावे पुन्हा निसटू नयेत म्हणून तुम्ही सगळ्या वेव्ह फाइली ॲपल लॉसलेस स्वरूपात बदलल्यात. आवाजात काडीचाही फरक पडत नाही, जागा साधारण निम्मी लागते आणि नाव फाइलच्या आतच राहते. शिवाय हे स्वरूप २०११ पासून सर्वांना खुले असल्यामुळे पुढे आयट्यून्स नसले तरी ती गाणी वाजवता येतील. मग काही रविवार तुम्ही माझ्यासोबत बसून रोमन अक्षरांतली नावे युनिकोड देवनागरीत टंकून घेतलीत. आडनावे कशी लिहायची याबद्दल गावात दोघातिघांना विचारावे लागले, आणि त्यासाठी तुम्ही कधी घाई केली नाहीत.

प्लेलिस्टही तुम्ही त्याच यादीतून सोडवून आणल्यात. ही बाब इतरांना किरकोळ वाटेल, परंतु सप्ताहाच्या रात्री कोणत्या भजनानंतर कोणते, कोणत्या प्रहराला कोणती चाल, हा बंधूंनी बसवलेला क्रम होता आणि नवी मुले तो ऐकूनच शिकतात.

मोबदला घ्यावा असा मंडळाने फार आग्रह केला, तेव्हा तुम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कची किंमत तेवढी पावतीसह घेतलीत. आम्ही ती पावती मंडळाच्या वहीत जपून लावली आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे आता तीन ठिकाणी प्रती आहेत : एक माझ्या लॅपटॉपवर, एक गावच्या शाळेच्या संगणकावर आणि एक तुमच्याकडील हार्ड डिस्कवर. आयपॉड पुसलेला नाही आणि पुसणारही नाही. भुलाबाईची गाणी या वर्षी मुलींनी लॅपटॉपवर ऐकून बसवली, आणि जिच्या आजीचे गाणे असेल त्या मुलीने आधी आजीचे नाव घ्यायचे असे त्यांचे त्यांनीच ठरवले.

एक विनंती राहिली आहे. १९८७ सालच्या झडत्यांपैकी ज्या दोन ध्वनिमुद्रणांपुढे कलाकाराचा रकाना मुळातच रिकामा होता, त्यातला आवाज वरच्या आळीतील एका वयोवृद्ध काकांनी ओळखला असून दुसऱ्या एका घरानेही त्याला दुजोरा दिला आहे. माझ्या आणि शाळेच्या प्रतीत ते नाव तुम्ही शिकवलेल्या रीतीने मी भरले. सवड मिळेल तेव्हा तुमच्याकडील प्रतीतही ते भरून घ्यावे. नाव आणि गाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून या पत्रासोबत पाठवले आहे.

आपला कृतज्ञ,
भजनी मंडळाचा सचिव