बेडकाला तडा जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर अमेरिकेतली एक मालगाडी घसरल्याची बातमी होती. त्यात एक वाक्य असं छापलंय की "रुळावरील बेडकाला तडा गेल्याने डबे घसरले". मी रेल्वेत लाइनीवर 34 वर्षं काढली, गँगमन म्हणून लागलो आणि मुकादम होऊन रिटायर झालो, तरी मलासुद्धा ते वाक्य दोनदा वाचावं लागलं आणि मग कळलं की मूळ इंग्रजीत फ्रॉग असणार. नातीने विचारलं, आजोबा रुळावर बेडूक कशाला ठेवतात? तिला समजावताना अर्धा तास गेला म्हणून वाटलं आपल्यालाही लिहावं.

तो फ्रॉग म्हणजे आम्ही रेल्वेवाले ज्याला क्रॉसिंग म्हणतो ते, रस्त्यावरचं फाटक नव्हे. गाडी एका लाइनीवरून दुसरीवर जाते तिथे पुढे दोन टंगरेल म्हणजे टोकाशी निमुळते, सरकणारे रूळ असतात, त्या सरकवल्या की सांधा बदलतो, सांधेवाला हा शब्द तर सगळ्यांना माहिती आहे. पण त्याच्या पुढे एक जागा येते जिथे एका लाइनीचा आतला रूळ दुसऱ्या लाइनीच्या आतल्या रुळाला कापतो, आणि चाकाची आतली कड तिथून पार जायला हवी म्हणून रुळात फट ठेवावीच लागते. तिथे व्हीच्या आकाराचं टोक असतं त्याला आम्ही नोज म्हणायचो, दोन्ही बाजूला विंग रेल, आणि समोरच्या रुळाला लागून चेक रेल, म्हणजे चाक फटीतून जाताना भलत्या बाजूला शिरू नये. वन इन ट्वेल्व्हचं क्रॉसिंग म्हणजे बारा फूट पुढं गेलं की एक फूट बाजूला, इतका बारीक कोन. स्टेशनात शिरताना डब्याखाली जो खाडखाड आवाज येतो ना त्यातला बराचसा या फटीवरून चाक उडी मारतं त्याचा असतो. सगळा मार त्या टोकावर बसतो, म्हणून ते मँगनीज घातलेल्या स्टीलचं ओततात, तरी झिजतं, कधी केसासारखी भेग पडते. पावसाळ्यात कंदील घेऊन वाकून त्या टोकावरनं बोट फिरवून बघितलंय मी, गार लोखंडावर भेग डोळ्याच्या आधी नखाला लागते. त्या भेगेवर माणसांचे जीव असतात. म्हणून "बेडकाला तडा" वाचलं की वाईट वाटतं, कारण वाचणाऱ्याला अपघात का झाला हेच कळत नाही, आणि ती भेग शोधत रात्री चालणाऱ्या माणसाचं कामही कळत नाही.

अमेरिकेत याला फ्रॉग का म्हणतात तर घोड्याच्या खुराच्या तळव्याला मधोमध जी त्रिकोणी मऊ गादी असते तिलाही इंग्रजीत फ्रॉगच म्हणतात, आणि हे क्रॉसिंग वरून बघितलं तर तसंच दिसतं असं सांगतात. आपल्याकडच्या रेल्वेत साहेब लोकसुद्धा क्रॉसिंगच म्हणायचे, फ्रॉग मी ड्युटीवर कोणाच्या तोंडून ऐकला नाही. म्हणजे मराठीत शब्द नाही अशी अडचणच नव्हती.

नंतर मुद्दाम चौकशी केली तर हा फ्रॉग कुठे कुठे निघाला. विटेच्या एका अंगाला जो खळगा असतो, ज्यात भट्टीवाल्याचा छाप असतो, तो फ्रॉग. एक-दोन सेंटीमीटर खोल असतो, गवंडी छाप वर करून वीट लावतो म्हणजे माल त्यात बसून पकड घेतो. व्हायोलिनच्या गजाला हाताशी जो ठोकळा असतो, ज्याला केस अडकवलेले असतात आणि स्क्रू फिरवून ताणतात, तो पण फ्रॉग. कोटाला बटणाऐवजी दोऱ्याची गाठ आणि फास असतो तो फ्रॉग. फुलं उभी राहावीत म्हणून भांड्यात खिळ्यांची चकती ठेवतात तीही. विणकाम करणाऱ्या बाया चुकलेलं विणकाम ओढून काढतात त्याला तिकडे फ्रॉगिंग म्हणतात, आपल्याकडे सरळ उसवणं म्हणतात आणि किती चांगला शब्द आहे तो! यातल्या एकाही ठिकाणी मराठीत बेडूक लिहिला तर अर्थ लागणार नाही.

आणि आपल्याच आरोग्य पुरवणीत मागे "घशात बेडूक अडकल्यासारखे" असं आलं होतं तेही मी कापून ठेवलंय. आपला घसा बसतो, आवाज बसतो, घसा खरखरतो, कफ अडकतो, खवखवतो. पाच शब्द घरचे असताना घशात बेडूक कशाला?

याचा अर्थ मराठीला बेडकाचं वावडं आहे असं नाही, उलट आपल्या भाषेत बेडूक भरपूर आहे, फक्त तो वेगळ्या जागी बसलाय. दंड आवळून फुगवला की मुलं म्हणतात बघ माझी बेडकुळी. शेजारी एक रिटायर्ड संस्कृतचे मास्तर राहतात, त्यांनी सांगितलं की इंग्रजीतला मसल हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरापासून आलाय, म्हणजे कातडीखाली हलणारा तोच स्नायू बघून त्यांना उंदीर आठवला आणि आपल्याला बेडूक. मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी नातीला दोनदा सांगितलं. त्यांनीच सांगितलं की पाणिनीच्या व्याकरणात आधीच्या सूत्रातला शब्द मधली सूत्रं सोडून एकदम पुढच्या सूत्रात लागू होतो त्याला मंडूकप्लुती म्हणजे बेडूकउडी म्हणतात, वैद्य लोक पित्ताची नाडी बेडकासारखी चालते म्हणतात, आणि ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक अख्खं सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर गप्प राहिलेले बेडूक पाऊस पडला की बोलायला लागतात, त्यात एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बकऱ्यासारखा, एक ठिपक्याठिपक्यांचा तर एक हिरवा. हे कोणीतरी पहिल्या पावसात डबक्याकाठी बसून नीट बघितल्याशिवाय सुचणार नाही.

आमच्या खानदेशात पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, अंगाला लिंबाचा पाला गुंडाळून पोरं दारोदार धोंडी धोंडी पाणी दे करत फिरायची, बाया वरून पाणी ओतायच्या, मी स्वतः फिरलोय. त्या मुक्या जनावराचे हाल व्हायचे हे आता कळतं, ते बंद झालं ते बरंच झालं, पण बेडूक आणि पाणी हे नातं आमच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय. मराठी माणसाला बेडूक म्हटलं की डराव डराव, डबकं, पाऊस, फार तर कूपमंडूक हेच दिसणार. लोखंड दिसणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. बाहेरची बातमी मराठीत घेताना, मग ती माणसाने केलेली असो की मशीनने, असा अडलेला शब्द त्या धंद्यातल्या कोणाला तरी विचारा. प्रत्येक गावात एक रिटायर्ड रेल्वेवाला, एक गवंडी, एक नालबंद असतोच, आणि विचारलं तर ते आनंदाने सांगतात कारण त्यांना कोणी विचारतच नाही. भुसावळात तर दर दुसऱ्या घरात कोणीतरी रेल्वेवाला निघेल.

आणि त्या बातमीची दुरुस्ती छापावी, दोन ओळी पुरतील: "बेडूक" ऐवजी "क्रॉसिंग" असे वाचावे.

आपला रोजचा वाचक,
एक निवृत्त मुकादम, भुसावळ