माझ्यासाठी रक्त दिलेल्या घोड्यांचे काय?

महोदय,

प्राण्यांवरचे सगळे प्रयोग ताबडतोब बंद करा, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यातली कळकळ मला पटते. पण मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार, आणि आज जिवंत आहे तो घोड्यांच्या रक्तामुळे.

दोन वर्षांमागे एप्रिलात बोंडू वेचताना पाचोळ्यातली घोणस घोट्याच्या वर चावली. वाळपईला पोचेपर्यंत पोटरी टरारून सुजली होती, हिरड्यांतून रक्त येत होते. डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवले. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर ते पाण्यासारखे वाहिले, गोठलेच नव्हते. मग सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या कुप्या सुरू झाल्या. आतली पांढरी भुकटी विरघळेपर्यंत नर्सबाई प्रत्येक कुपी दोन तळव्यांत धरून हलकेच फिरवायच्या. जोरात हलवली तर फेस येतो, म्हणाल्या. पुढे बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेले. एकूण 20 कुप्या लागल्या. एक रिकामी कुपी मी मागून घरी आणली. औषध घोड्यापासून केलेले, हे तिच्यावर वाचले आणि त्या रात्री झोप लागली नाही.

घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे, मात्रा वाढवत टोचतात. विषाला निकामी करणारी द्रव्ये त्याच्या रक्तात तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. टोचल्या जागी सूज येते, गळवेही होतात. औषधाचा जोर तपासताना उंदीर मरतात, ते वेगळेच. 1890 च्या दशकापासून मूळ पद्धत हीच. आणि देशात दरवर्षी सुमारे 58 हजार माणसे सर्पदंशाने जातात, बहुतेक खेड्यापाड्यांतली. म्हणून ‘बंद करा’ हे माझ्या तोंडून निघत नाही. सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या चाचण्या 2014 मध्ये बंद झाल्या, आपल्याकडच्या धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, न्यायालयाने 1996 मध्ये थांबवल्या, ते योग्यच झाले. तिथे कुणाचा जीव अडला नव्हता.

पण गरज आहे म्हणून काहीही खपवून घ्यायचे का? प्रयोग टाळता येण्यासारखा असेल तर टाळावा, हे 1960 च्या कायद्यातच आहे. काम संपल्यावर जनावराला सांभाळायचा खर्चही प्रयोग करणाऱ्यानेच धरायचा असतो. माझ्या 20 कुप्यांमागचे घोडे म्हातारे झाल्यावर कुठे गेले, हे मला कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट. या औषधासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. घोणशीचे विष मात्र प्रदेशागणिक बदलते. औषध नीट लागू पडले नाही की कुप्या वाढतात, आणि कुप्या वाढल्या की घोड्याचे रक्तही जास्त लागते. वेगवेगळ्या भागांतल्या सापांचे विष घेऊन औषध केले तर रोग्याचे भले होईलच, घोड्याचाही भार हलका होईल. रक्तातल्या तांबड्या पेशी घोड्याला परत देता येतात, तेही सगळीकडे सक्तीचे हवे. तबेल्यांच्या तपासणीचे अहवाल लोकांना वाचायला मिळाले पाहिजेत.

त्या पत्रलेखकांनी अशी मागणी सरकारकडे करायची ठरवली, तर सही करायला मी पणजीपर्यंत येईन.

– एक काजू बागायतदार, सत्तरी