‘श्ट्रोमबेर्ग’ बघ, पण साहेबाकडे कमी आणि बाकीच्यांकडे जास्त

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

क्योल्नला, म्हणजे जर्मनीतल्या कोलोनला, रुजू व्हायला महिना उरलाय, आणि ऑफिसात खरोखर बोलतात ती जर्मन कानाला कशी सरावायची, हा तुझा प्रश्न. बी-टू पातळीची जर्मनची पुस्तकं आता मिटून ठेव आणि ‘श्ट्रोमबेर्ग’ ही जर्मन विनोदी टीव्ही मालिका बघ. तू विमा कंपनीच्या क्लेम विभागात जाणार आहेस आणि ही मालिका घडते तीच मुळी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात. असा योग जुळलाय तर तो वापर.

आधी हिशेब. प्रोझीबेन वाहिनीवर २००४ ते २०१२ या काळात तिची पाच पर्वं झाली. भाग ८, १०, ८, १० आणि १०, म्हणजे एकूण ४६. एकेक भाग साधारण २५ मिनिटांचा. रोज दोन बघितलेस तर २३ दिवसांत संपते. लेखक राल्फ हुसमान, बहुतेक भागांचा दिग्दर्शक आर्ने फेल्डहूझन, निर्मिती क्योल्नच्याच ब्रेनपूलची. साहेब, म्हणजे श्ट्रोमबेर्ग, झालाय क्रिस्टोफ मारिया हेर्ब्स्ट. नट होण्याआधी या माणसाने बँकेत रीतसर कारकुनीचं शिक्षण घेतलं होतं आणि ते दिसतं. फाईल हातात धरायची पद्धत नाटकातली वाटत नाही.

क्रम सोडू नकोस. इंटरनेटवर श्ट्रोमबेर्गचे निवडक तुकडे पोत्याने मिळतात आणि बरेच जण तेवढेच बघून ‘बघितली’ म्हणतात. तुकड्यांत फक्त त्याची वाक्यं उरतात, ती ऐकून बाकीच्यांच्या तोंडावर काय उमटलं ते कापलं जातं. मालिका तर त्या तोंडांवरच उभी आहे. दुसरी चूक म्हणजे इंग्रजी सबटायटल. मग डोळे वाचतात आणि कान झोपतात. भाग पहिल्यांदा सबटायटलशिवाय बघ, निम्मं कळलं तरी चालेल. दुसऱ्यांदा जर्मन सबटायटल लाव आणि फक्त अडलेल्या जागा थांबवून बघ. तिसऱ्यांदा अख्खा भाग नको, त्यातली एक बैठक किंवा पँट्रीतलं एक बोलणं निवड आणि चित्र न बघता ऐक. कोण कोणाला आडनावाने हाक मारतं, कोण एकदम ‘डू’वर, म्हणजे ‘तू’वर, येतं, ते वहीत टिपून ठेव. तुझ्या ऑफिसात मात्र वरच्याने किंवा वयाने मोठ्याने ‘डू’ म्हणू या असं सुचवेपर्यंत ‘झी’, म्हणजे ‘तुम्ही’च धरून राहा.

एक सक्त सूचना. बोलणं उचलायचं ते त्याच्या हाताखालच्या टान्याचं, एरिकाचं. श्ट्रोमबेर्गचं एकही वाक्य उचलू नकोस. त्याच्या उपमा ऐकायला चटकदार असतात, पण दहातल्या आठ बायकांवर, परदेशी लोकांवर नाहीतर कोणाच्या व्यंगावर घसरतात. परक्या भाषेत कुठला विनोद कुठे शोभतो हे सगळ्यात शेवटी कळतं. तोवर गप्प बसलेलं बरं.

आता गोष्ट. कॅपिटोल नावाची काल्पनिक विमा कंपनी. तिच्या क्लेम विभागाचे दोन तुकडे आहेत, ग्राहकाच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पाडलेले. ए ते एल एकीकडे, एम ते झेड दुसरीकडे. बेर्न्ड श्ट्रोमबेर्ग एम ते झेडचा प्रमुख. पहिल्या पर्वात दोन्ही तुकडे एक करायचं ठरतं, म्हणजे दोन खुर्च्यांतली एक जाणार. पलीकडच्या खुर्चीत टुर्चुलू नावाचा तुर्की वंशाचा, कामाला चोख अधिकारी. पहिल्याच भागाचा विषय पार्किंगची जागा आहे. क्षुल्लक वाटेल, पण जर्मन कंपनीत नावाची पाटी लावलेली पार्किंगची जागा म्हणजे हुद्दा असतो, आणि पगाराचा आकडा कोणी सांगत नाही तिथे हुद्दा असाच मोजतात.

बीबीसीच्या ‘द ऑफिस’शी साम्य तुला लगेच दिसेल. ते बीबीसीलाही दिसलं, तक्रार झाली आणि पुढे श्रेयनामावलीत त्या मालिकेचा ऋणनिर्देश आला. पण तुलनेत वेळ घालवू नकोस. अमेरिकन आवृत्तीने आपल्या साहेबाला हळूहळू गोड करून टाकलं, इथे ती सवलत नाही. तो मनातून चांगला असेल अशी वाट बघत बसलीस तर पाचव्या पर्वापर्यंत बसशील. कधीमधी त्याची दया येते, ती येऊ दे, पण पुढच्याच दृश्यात तो कोणाचं तरी श्रेय लाटतो नाहीतर आपली चूक दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतो.

कॅमेऱ्याची कारागिरी नीट बघ, कारण तिथे माणूस कळतो. माहितीपट काढणारी एक टीम या ऑफिसात शूटिंग करतेय, असं मालिकेचं सोंग आहे. कॅमेरा हातात धरलेला, जरासा हलता. मागून हास्याचा आवाज नाही. मधेमधे झेरॉक्स काढणारे, फाईल लावणारे, फोनवर ताटकळणारे लोक काही सेकंद दिसतात. माणसं तीन प्रकारे टिपली जातात: समोर बसवून घेतलेली मुलाखत, चालू कामातलं बोलणं, आणि काचेपलीकडून नाहीतर पट्ट्यांच्या पडद्याआडून चोरून घेतलेलं. पहिल्या प्रकारात श्ट्रोमबेर्ग कर्मचाऱ्यांचा कैवारी असतो. दुसऱ्यात त्याचा विनोद पडतो आणि तो झटकन कॅमेऱ्याकडे बघतो, लागला का हे तपासायला. तिसऱ्यात वरचा साहेब समोर असतो आणि याचा आवाज, खांदे, सगळं दोन इंच खाली आलेलं असतं. एखादा भाग आवाज बंद करून पाच मिनिटं बघ. समोरचा माणूस त्याच्या वरचा आहे की हाताखालचा, हे नुसत्या खांद्यांवरून ओळखता येतं. कुठल्याही ऑफिसात उपयोगी पडेल अशी ही नजर आहे.

विनोद पडल्यावरची दोन-तीन सेकंदांची शांतता तर अजिबात सोडू नकोस. हसवायला मागून कोणी नसल्यामुळे ती खूप लांब वाटते. तेवढ्यात कोण कीबोर्डकडे वळतं, कोण ओठ दाबतं, कोण खोटं हसतं ते बघ. खोटं हसणाऱ्यांच्या जिवावरच हा माणूस इतकी वर्षं टिकतो. स्वतःला तो ‘पापा’ म्हणवतो, हे पापा बघून घेतील अशा थाटात. ऑफिसात बाप व्हायला निघालेल्या साहेबापासून चार हात लांब राहा. बाप घरी आहे तुझा, आणि तोसुद्धा इतकं बोलत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष त्याच विभागातल्या एर्नीकडे दे. खरं नाव बेर्टहोल्ड हाइस्टरकाम्प, काम केलंय ब्यार्ने मेडलने आणि अप्रतिम केलंय. आईजवळ राहणारा, नियमाला धरून चालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं ऑफिस त्याची टिंगल करतं. पुढाकार उल्फ या सहकाऱ्याचा. उल्फ साहेबाला शिव्या देतो, आपल्याला आवडतो, आणि तोच एर्नीला छळतो. साहेब वाईट म्हणून खालचे आपोआप चांगले, असा सोपा मामला हुसमानने ठेवलेला नाही. छळ कसा वाढतो त्याची पायरी न् पायरी इथे दिसते: आधी टोपणनाव, मग त्याच्या वस्तूंशी खेळ, मग जेवायला जाताना त्याला न सांगणं, आणि शेवटी तो चिडला की ‘गंमतसुद्धा कळत नाही’. नव्या, परदेशी, भाषेला अडखळणाऱ्या माणसाची खुर्ची एर्नीच्या शेजारीच असते. आणि तिथून उठायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे उल्फबरोबर हसायला लागणं. तो नको. एर्नीबरोबर जेवायला जा. क्लेमचं कामही तुला त्याच्यासारखाच कोणीतरी शिकवेल, उल्फ नाही.

मालिकेत विनोदासाठी जे मोकाट सुटतं ते प्रत्यक्षात तसं सुटत नाही, निदान सुटू नये अशी सोय आहे. मतदानाचा अधिकार असलेले किमान पाच कायम कर्मचारी असतील तिथे बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ, स्थापता येतं. त्याच्या नियमित निवडणुका दर चार वर्षांनी मार्च ते मे या काळात होतात. तुझ्या कंपनीएवढ्या ठिकाणी ते बहुधा असेलच. पहिल्याच आठवड्यात त्यांची खोली कुठे आहे ते बघून ठेव, काम पडल्यावर शोधायला नको. साहेबाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क तुला थेट आहे, सोबत मंडळाचा एक सदस्य घेता येतो, आणि तक्रार केली म्हणून तुझं नुकसान करता येत नाही. एखादा कर्मचारी वंशद्वेषी किंवा बेकायदा वागून पुन्हा पुन्हा ऑफिसची शांतता बिघडवत असेल तर त्याला काढा किंवा त्याची बदली करा, अशी मागणी मंडळ करू शकतं. वरच्या थरातले अधिकारी मात्र या मंडळाच्या कायद्याच्या बाहेर असतात. चौथ्या पर्वात श्ट्रोमबेर्गची रवानगी फिन्सडोर्फ नावाच्या आडगावच्या शाखेत होते, ते बघताना हे आठव.

वंश, लिंग, धर्म, वय, अपंगत्व यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा जर्मनीत ऑगस्ट २००६मध्ये आला. पहिली दोन पर्वं त्याच्या आधीची आहेत. त्यातली काही वाक्यं आज ऐकून आपण दचकतो. या कायद्याखाली भरपाई मागायची तर दोन महिन्यांच्या आत लेखी मागावी लागते. लोकांचं चुकतं ते इथेच. ‘बघू, सुधारेल’ म्हणत सहा महिने जातात आणि मुदत कधीच टळलेली असते.

म्हणून नोंद ठेव. घरच्या वहीत, ऑफिसच्या संगणकावर नाही. तारीख, वेळ, कुठे, शब्द जसेच्या तसे जर्मनमध्ये, आणि कोणकोण हजर होतं. ‘अपमान केला’ असं लिहून काही उपयोग नाही, काय म्हणाला ते लिही. मोबाईलवर चोरून रेकॉर्डिंग मात्र अजिबात करायचं नाही. मालिकेत कॅमेरा सगळीकडे घुसतो म्हणून ते साधं वाटेल, पण समोरच्याच्या संमतीशिवाय खाजगी बोलणं ध्वनिमुद्रित करणं हा तिथे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साहेब सुटेल आणि तू अडकशील.

तुलाच आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद, मिळाली तर घाबरून सही करून मोकळी होऊ नकोस. पोचपावती वेगळी आणि मान्य आहे म्हणून केलेली सही वेगळी. आपली बाजू लिहून ती तुझ्या वैयक्तिक फाईलला जोडायला लावण्याचा हक्क तुला आहे, फाईल बघायचाही आहे. वागणुकीवरून कोणाला काढायचं तर आधी अशी ताकीद सहसा लागते, म्हणून हा कागद हलका समजू नये. मात्र पहिले सहा महिने प्रोबेत्साइटचे, म्हणजे परीक्षाकाळाचे. त्या काळात साधारणपणे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, आणि नोकरीतून काढण्याविरुद्धच्या कायद्याचं खरं संरक्षण सहा महिन्यांनंतर, दहाहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी सुरू होतं. काढल्याचं पत्र कागदावर आणि शाईच्या सहीनेच हवं, ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात गेलं नाही तर ते बरोबर होतं असं धरलं जातं. तुझा तिथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे, तेव्हा नोकरी मुदतीआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कचेरीलाही कळवावं लागतं.

साहेबाची बदली झाली तर जायच्या आत त्याच्याकडून मधलं त्सॉयग्निस, म्हणजे कामाचा दाखला, मागून घे. यातली भाषा वरवर गोडच असते, वाईट लिहायला बंदीच आहे जणू. काम ‘श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सूफ्रीडनहाइट’, म्हणजे ‘नेहमीच आमचं पुरेपूर समाधान होईल असं’, केलं असेल तर पहिली श्रेणी. ‘फोल्स्टन’च्या जागी ‘फोलन’ आलं तर दुसरी, ‘श्टेट्स’ही गळलं तर तिसरी, आणि नुसतं ‘त्सू उन्झरर त्सूफ्रीडनहाइट’ म्हणजे चौथी, जेमतेम पास. श्ट्रोमबेर्गसारखा माणूस तोंडावर पाठ थोपटेल आणि ‘श्टेट्स’ खाईल. सही होण्याआधी मसुदा वाच.

मालिका संपली की चित्रपटही आहे, २०१४चा. कंपनीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सगळे बसमधून गावाबाहेरच्या हॉटेलात जातात. त्यासाठी प्रेक्षकांकडून १० लाख युरो मागितले होते, किमान ५० युरोपासून. डिसेंबर २०११मध्ये ते एका आठवड्यात जमले, पुढे पैसे लावणाऱ्यांना नफ्यासकट परतही मिळाले. असा साहेब सोसलेले लोक त्या देशात किती असतील याचा मला तरी यावरून अंदाज येतो. चित्रपट शेवटीच बघ, आधी नको.

कराराची प्रत आली असेल तर स्कॅन करून पाठव. प्रोबेत्साइट, नोटिशीची मुदत आणि जादा कामाचे तास पगारात धरलेत का, ही तीन कलमं मी वाचते आणि मग सही कर. रजा पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला २० दिवसांपेक्षा कमी लिहिता येत नाही, तेही बघून घे.

तुझी,
आई