दुधाच्या पगारावर शिकलेल्या लेकीचं पत्र

हडपसर, पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

मी दूधदुभतं का सोडलं, हे बोलणं फोनवर होत नाही. आई "बरं बाई, तुझं तुला" म्हणून फोन बाबांकडे देते, बाबा "तब्येतीला जप" म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. म्हणून पत्र लिहायला बसले. दिवाळीत मी कोरा चहा घेतला, चकलीत लोण्याचं मोहन आहे का ते विचारलं, आणि आई, तू पिशवीत घातलेली तुपाची बरणी ओट्यावर परत ठेवून निघाले. तुला ते लागलं, दिसत होतं. आत्या जे बोलल्या ते बोलल्या. पण तुम्हा दोघांना कारण ठाऊक असायला हवं, कारण ते पुण्यातून आलेलं नाही. आपल्याच गोठ्यातलं आहे.

आई, आपली चंद्री म्हैस आठवते ना? मी आठवी-नववीत असेन. ती रात्रीची व्याली, आणि सकाळी गोठ्यात गेले तर रेडकू उभं राहायची धडपड करत होतं. ओलं, काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. आजीनं शेपटी वर करून बघितलं आणि "टोणगा हाय" एवढंच म्हणाली. रेडी झाली असती तर आळीत गूळ वाटला असता. मग त्याला कोपऱ्यात आखूड दाव्यानं बांधलं. धारेच्या वेळी सोडायचं. ते धावत जाऊन कासेला ढुशा द्यायचं, चंद्री पान्हा सोडायची, आणि चार घोट जातात न जातात तोच त्याला ओढून खुंट्याला बांधायचं. ओढायचं काम माझ्याकडे होतं. त्याचं तोंड कासेकडे, पाय मातीत रोवलेले आणि दावं माझ्या हातात ताठ.

आजी वैरणीला गेली की तू एक सड त्याच्यासाठी न पिळता सोडायचीस. चरवीत दूध कमी भरलं की आजीला लगेच कळायचं. "त्याला पाजून काय औत हाकणार हायेस?" म्हणायची. तू ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक सड सोडायचीस. पावसाळ्यात ते हगवणीनं गेलं. कुणी मारलं नाही, पण ते जगावं म्हणून तुझ्याशिवाय कुणी काही केलंही नाही. चंद्री पुढे कितीतरी वेळ त्या रिकाम्या खुंट्याकडे बघून रेकत होती. त्या एका सडावर मी फार विचार केला आहे, आई. दूध सोडायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात तोच होता.

खरवसाचंही सांगते. तुझा वेलदोडे घातलेला गुळाचा खरवस मला किती आवडायचा ते तू जाणतेस. पुढे वाचनात आलं की गाई-म्हशींत आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोटातल्या पिल्लापर्यंत पोचतच नाहीत. ती त्याला मिळतात फक्त चिकातून, म्हणजे ज्या पहिल्या दुधाचा खरवस होतो त्यातून, आणि तीही पहिल्या दिवसाभरात, कारण त्यानंतर त्याचं आतडं ती शोषून घेत नाही. पहिल्या काही तासांत चीक कमी मिळाला की हगवण, न्यूमोनिया असं काहीही त्याला पटकन धरतं. पुण्यात आता खरवस बाराही महिने विकत मिळतो. तो डबा दिसला की मला कोपऱ्यातला तो टिळा आठवतो. मग घास उतरत नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल की हा एका म्हशीचा प्रश्न झाला. तसा तो असता तर मी चंद्रीसाठी रडून मोकळी झाले असते. पण म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, दहा महिने गाभण राहते, आणि होणाऱ्या रेडकांत निम्मे टोणगे. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना औताला कुणी विचारत नाही. उरुळी कांचनला 1967 साली बायफ ही संस्था सुरू झाली, तिथून कृत्रिम रेतन आपल्या भागातल्या गोठ्यागोठ्यात पोचलं. आता तर रेडीच व्हावी असं वेगळं काढलेलं रेतही मिळतं. त्यानं टोणगे कमी होतील, हे मला मान्य आहे. पण भाकड म्हशीचं काय? महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत आपला देश आहे, आणि आपल्याकडे मांसासाठी म्हणून वेगळी म्हैस सहसा कुणी पाळत नाही. दूध आटलं की व्यापारी टेंपो घेऊन येतो, आपण पैसे मोजून घेतो आणि ती कुठं जाणार ते विचारत नाही. मटण सोडून दूध ठेवलं तर माझे हात मोकळे राहतात असं मला बरेच दिवस वाटावंसं वाटत होतं. हिशोब मांडला तेव्हा ते टिकलं नाही.

आता जे लिहिते ते जरा सावकाश वाचा. माझं शिक्षण दुधाच्या पगारावर झालं. दर दहा दिवसांनी दूध संघाचा पगार यायचा, त्यातून पेंडीचे पैसे वजा व्हायचे आणि उरलेल्यातून माझी फी, होस्टेल, पहिला मोबाईल. दुधाला फॅट कमी लागून पगार घटला की आपल्या घरात त्या आठवड्याची भाजी बदलायची. आई पहाटे चारला उठून उसाच्या वाढ्याचा भारा सोडायची, तेव्हा मी पांघरुणात असायचे. यातलं काहीही मी विसरलेली नाही आणि त्याची मला लाज तर मुळीच नाही. तुम्ही जनावरांना कधी उपाशी ठेवलं नाहीत. पान्ह्यासाठी इंजेक्शन देणारे गोठे आसपास होते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे, पण तुम्ही कायदा वाचून नव्हे, मुक्या जिवाला असं करायचं नसतं म्हणून ती बाटली दारात येऊ दिली नाहीत. ज्याच्या हातात तीन एकर आणि कर्ज आहे त्याच्याकडून मी काही मागत नाही. मला महिन्याला पगार मिळतो, कोपऱ्यावर दुकान आहे, निवड करायची सोय आहे. म्हणून ती मी केली.

बाबा, तुम्ही पहिल्यांदा पंढरपूरपर्यंत चालत गेलात ती वारी मला आठवते. तुकोबांची पालखी पाटसवरून रोटी घाटाकडे निघाली आणि तुम्ही खांद्यावर पडशी टाकून तिच्यामागं निघून गेलात. परत आलात ते माळ घालूनच. पुढच्या जत्रेत भावकीत बोकड पडला आणि तुम्ही ओसरीवर भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन बसलात. काका लोकांनी थट्टा केली. तुम्ही चिडला नाहीत, कुणाच्या ताटाकडे बघून नाकही मुरडलं नाहीत. दोन-तीन जत्रा गेल्या आणि काकीनं स्वतःहून तुमच्यासाठी वेगळं पातेलं चढवायला सुरुवात केली. मला घरी तेवढंच हवं आहे. देवापुढे दही-दुधाचं पंचामृत करा, मी हात जोडेन, आणि तीर्थ म्हणून तांब्यातलं पाणी घेईन. तुमच्या ताटातल्या दह्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.

तब्येतीची काळजी मात्र रास्त आहे. बी-12 हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. धान्यं, डाळी, भाज्यांतून ते भरवशानं मिळत नाही. त्यामुळे मला गोळी घ्यावी लागते आणि ती कायम घ्यावी लागणार. हे मी अंगावर काढत नाही, त्याला मात्र पुण्यातलं कारण आहे. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या रक्तात बी-12 कमी निघालं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली, हे त्यांनी 2008 साली मांडलं. त्या बायका काही व्हीगन, म्हणजे माझ्यासारख्या दूधदुभतंही सोडलेल्या, नव्हत्या, आपल्यासारख्याच घरातल्या होत्या. म्हणून आई, तुझ्या पायाला मुंग्या येतात त्याकडे "वय झालं" म्हणून दुर्लक्ष करू नकोस.

कॅल्शियमचं बाबांनी विचारलं होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच दुधात एकशेवीसच्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, हेही खरं. म्हणून जोडीला तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला असतोच. आणि तू मला जे खाऊ घालून मोठं केलंस त्यातलं निम्मं अजून तसंच्या तसं चालतं: हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी. पुरणपोळीला पाण्यातली गुळवणी आणि कटाची आमटी असली की मला तुपाची आठवण येत नाही.

अडलं ते ताकापाशी. दुपारच्या जेवणाला ताक नाही म्हणजे मला जेवल्यासारखंच वाटेना. शेवटी शेंगदाण्याचं दही लावायला शिकले. दाणे रात्रभर भिजवायचे, चोळून सालं काढायची, पाणी घालून मिक्सरला गंधासारखे बारीक वाटायचे आणि फडक्यातून पिळून घ्यायचं. ते दूध मंद आचेवर सारखं ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला धरतं आणि करपट वास सगळ्याला लागतो. कोमट झालं की पहिल्या खेपेला हिरव्या मिरचीचे देठ टाकून झाकून ठेवायचं. पुढच्या खेपेला त्याच दह्याचा चमचाभर. सायीच्या दह्याची चव त्याला नाही, दाण्याचा वास मागे राहतो. पण हिंग, जिरं, कढीपत्त्याची फोडणी दिली की कढी छान होते, आणि घोटून केलेलं ताक बाबांनाही चालेल असं वाटतं. उरलेला चोथा थालीपिठात जातो.

एक मागणं आहे. मोरी म्हैस पौषात विणार ना? माझ्या वाटणीचा चीक काढू नका. रेडी होवो नाहीतर टोणगा, पहिला दिवसभर त्याला पोटभर पिऊ द्या. संघाला चीक घालता येत नाहीच, म्हणजे पगारात त्यानं काही फरक पडायचा नाही. आणि टोणगा झाला तर त्याच्या पेंडीचे पैसे मी दरमहा पाठवीन, त्याला व्यापाऱ्याला देऊ नका. बाबा, यावर तुम्ही विचार करून सांगा, नुसतं हो म्हणू नका. गोठ्यात जागा किती आहे आणि तो मोठा झाल्यावर आवरायला किती जड जाईल हे तुम्हालाच माहीत.

पुढच्या महिन्यात बाबांच्या डोळ्याच्या तपासणीला येणार आहात, तेव्हा तुम्हा दोघांचं बी-12 पण तपासून घेऊ. सकाळची एसटी धरा आणि स्वारगेटपर्यंत जाऊ नका, हडपसरला गाडीतळावरच उतरा, मी न्यायला येते. येताना घरचे हुलगे आण, आई. इथले शिजता शिजत नाहीत.

तुमची,
सुनीता